आईचं माहेरचं आडनाव?

फोन बँकिंगवाला सगळ्यात शेवटी कोणता प्रश्न विचारतो, आठवतंय? जन्मतारीख झाली, कार्डाचे शेवटचे चार आकडे झाले, की तो एकदम आवाज बदलून म्हणतो, ‘मॅडम, आपल्या आईचं माहेरचं आडनाव?’ यामागचा फंडा सिंपल आहे. घरातल्या चार माणसांशिवाय हे आडनाव कुणाला ठाऊकच नसतं. लग्न झालं की ते असं काही गायब होतं, की पासवर्ड म्हणून खुशाल वापरावं!

स्कॉटलंडमध्ये मात्र हाच पासवर्ड गेली एकशे सत्तर वर्षं सरकारी रजिस्टरात शाईने लिहून ठेवलेला आहे. बाई जन्मली, लग्न झालं, म्हातारी होऊन वारली, प्रत्येक कागदावर तिचं माहेरचं आडनाव आहेच. शिवाय तिच्या आईचंही.

हे मला कळलं मॅकमुळे. मॅक म्हणजे माझी पुण्याची मैत्रीण. कॅम्पात वाढलेली अँग्लो-इंडियन, एका सॉफ्टवेअर कंपनीत एचआर बघते, आणि रिक्षावाल्याशी भांडताना तिचं मराठी माझ्यापेक्षा अस्सल असतं. आडनाव ‘मॅक’ने सुरू होतं म्हणून कॉलेजपासून सगळे तिला तेच म्हणतात. (पूर्ण आडनाव छापलंस तर दोस्ती खलास, अशी धमकी मिळाली आहे. त्यामुळे तिचे सगळे पूर्वज इथे फक्त पहिल्या नावाने भेटतील.) गेल्या पावसाळ्यात तिच्या आँटीने घर आवरताना एक जाडजूड फॅमिली बायबल तिच्या हवाली केलं. जुन्या बायबलांमध्ये जुना करार आणि नवा करार यांच्या मधोमध काही पानं मुद्दाम कोरी ठेवलेली असत. जन्म, लग्न, मृत्यू लिहायला. आपल्याकडे हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर पोरांच्या जन्मवेळा टिपून ठेवायचे ना, तसंच.

मॅकच्या बायबलातली पहिलीच नोंद होती १८६६ सालची. पूना, अलेक्झांडर आणि मेरी यांचा विवाह. त्याच्या नावापुढे लिहिलेलं ‘किरिम्युअर’, तिच्या नावापुढे ‘कॉर्क’. म्हणजे नवरा स्कॉटिश, बायको आयरिश. बस्स, एवढंच.

ऑफिसमध्ये बातमी फुटल्यावर सगळ्यांचा पहिला प्रश्न काय असावा? ‘मग व्हिसा मिळेल का?’ प्रश्न अगदीच बावळट नाही हं. आजी किंवा आजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेले असतील तर कॉमनवेल्थ देशाच्या नागरिकाला तिथला अँसेस्ट्री व्हिसा मागता येतो, आणि आजी-आजोबांपैकी एकजण आयर्लंडच्या बेटावर जन्मलेलं असेल तर थेट आयरिश नागरिकत्वासाठी नाव नोंदवता येतं. २०१६च्या ब्रेक्झिट मतदानानंतर कित्येक इंग्रज मंडळी आपली आयरिश आजी शोधायला लागली ती त्यामुळेच. पण मॅकचा अलेक्झांडर पाच पिढ्या मागे. व्हिसा गेला उडत. तिला फक्त माहिती हवी होती.

घरातली दंतकथा अशी, की अलेक्झांडर हायलँडमधल्या कुणा सरदार घराण्यातला. पुरावा म्हणून भिंतीवर चौकडीचं कापड फ्रेम करून लावलेलं. आता या टार्टनची गंमत ऐका. अमुक घराण्याची अमुक चौकडी हा हिशोब बहुतेक एकोणिसाव्या शतकात पक्का झाला. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा सर वॉल्टर स्कॉटने स्वागताचा जो थाट उडवला, त्यानंतर या कापडाची फॅशनच आली. १८४२ साली तर जुनं हस्तलिखित म्हणून टार्टनचं एक आख्खं बनावट पुस्तक छापलं गेलं. आणि ‘मॅक’चा अर्थ गेलिक भाषेत नुसता ‘मुलगा’. मॅकडोनल्ड म्हणजे डोनल्डचा पोरगा. आपण मधलं नाव म्हणून वडिलांचं नाव लावतो, तोच प्रकार तिथे आडनाव होऊन बसला. मुलगी असेल तर गेलिकमध्ये ‘मॅक’ऐवजी ‘निक’ लागतं, हे मला फार आवडलं. (‘मॅक’ स्कॉटिश आणि ‘एमसी’वालं आयरिश, असं कुणी ठामपणे सांगितलं तर मान डोलवू नका. दोन्ही एकच, लिहिण्याची पद्धत वेगळी.)

तर, शोध. स्कॉटलंडचं काम ऑनलाइन फारच सोपं आहे. ‘स्कॉटलंड्स पीपल’ नावाची सरकारी साइट आहे. नाव शोधायचं, थोडे क्रेडिट विकत घ्यायचे आणि मूळ पानाचा फोटोच उघडायचा. १ जानेवारी १८५५ पासून तिथे जन्म-लग्न-मृत्यूची सक्तीची सरकारी नोंद आहे. त्याआधीची चर्चची रजिस्टरं. त्यातलं सगळ्यात जुनं पर्थशरमधल्या एरल गावचं, १५५३ सालचं. आपल्याकडे तेव्हा अकबरसुद्धा गादीवर यायचा होता! १८४१ पासून दर दहा वर्षांनी खानेसुमारी, त्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव.

अडचण एकच होती. अलेक्झांडर वारला भारतात, म्हणजे त्याचा मृत्यूचा दाखला स्कॉटलंडच्या रजिस्टरात नाही. अशा वेळी जाणकार सांगतात, माणूस सापडत नसेल तर त्याची भावंडं शोधा. मॅकने पुण्यातल्या लग्नाच्या नोंदीतून अलेक्झांडरच्या वडिलांचं नाव मिळवलं (ती नोंद कुठे सापडते ते पुढे सांगते), १८५१च्या खानेसुमारीत किरिम्युअर गाव काढलं आणि रात्री दीड वाजता मला एसएमएस केला: ‘WEAVER!!!’ सरदारसाहेब कसले, बाप हातमागावर लिननचं कापड विणणारा. अँगस परगण्यातल्या त्या गावात तेव्हा घरोघरी माग चालायचे. भिंतीवरच्या फ्रेमचं काय करायचं यावर तिच्या घरी अजून चर्चा चालू आहे.

आणि मग लॉटरी लागली. अलेक्झांडरची सगळ्यात धाकटी बहीण जन्मली होती १८५५ साली. स्कॉटलंडमध्ये पूर्वज शोधणाऱ्यांना हे साल म्हणजे दिवाळी. नोंदणीच्या त्या पहिल्या वर्षी सरकारने उत्साहाच्या भरात दुनियेभरची माहिती मागितली. बाळाच्या आईबापांचं वय काय, ते जन्मले कुठे, लग्न कधी नि कुठे झालं, आधीची मुलं किती, जिवंत किती, गेलेली किती. रजिस्ट्रार लोकांचा जीव मेटाकुटीला आला आणि १८५६ला अर्धे रकाने छाटून टाकले. एकाच वर्षाचा मामला. मॅकला त्या एका पानात अलेक्झांडरची आई मिळाली: एलस्पेथ, माहेरच्या आडनावासकट, जन्मगावासकट, वयासकट. त्या आडनावावरून १८०० सालाच्या आसपासची चर्चची नोंद, तिथून एलस्पेथची आई, तिचंही माहेरचं आडनाव. एका वीकएंडला तीन बायका!

हे आडनाव कागदापुरतंच होतं असंही नाही. किरिम्युअरचाच एक प्रसिद्ध मुलगा म्हणजे जे. एम. बॅरी, ‘पीटर पॅन’चा लेखक. १८६०चा जन्म, वडील विणकरच. १८९६ साली त्याने आपल्या आईवर पुस्तक लिहिलं. आई लग्नानंतर मिसेस बॅरी, आणि पुस्तकाचं नाव? ‘मार्गारेट ऑगिल्वी’. माहेरचं. तिकडच्या जुन्या लोकांत बाईला लग्नानंतरही माहेरच्याच नावाने ओळखायची रीत होती. थडग्यावरच्या दगडावरही पुष्कळदा नवऱ्याच्या नावाखाली बायकोचं माहेरचं नाव कोरलेलं सापडतं.

म्हणून स्कॉटिश समाज बायकांना डोक्यावर घेऊन नाचत होता असं समजू नका. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीला चर्चच्या पंचांपुढे उभं करून बापाचं नाव वदवून घ्यायचे, सगळ्या गावासमोर रविवारी बसवायचे, आणि हे सगळं तपशीलवार लिहूनही ठेवायचे. पुरुषही सुटायचे नाहीत. कवी रॉबर्ट बर्न्सला १८८६ नव्हे, त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १७८६ साली मॉखलिनच्या चर्चमध्ये असंच प्रायश्चित्त घ्यावं लागलं होतं. या पंचांच्या वह्या २०२१ पासून ऑनलाइन पाहता येतात. वाचायला घेतल्या तर कुठल्याही सासू-सुनेच्या सीरियलला विसराल. पण त्या बदनामीतसुद्धा बाईचं पूर्ण नाव टिकलं, हे खरं.

आता आयर्लंड. इथे मॅकचा मूड गेला.

आयर्लंडमध्येही १८२१ पासून दर दहा वर्षांनी खानेसुमारी झाली होती. आज त्यातलं काय उरलंय? १८२१, ३१, ४१ आणि ५१ची कागदपत्रं डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतल्या सरकारी दफ्तरखान्यात होती. १९२२ साली बंडखोर त्या इमारतीत शिरले, बाहेरून तोफा लागल्या, यादवी युद्ध पेटलं आणि ३० जूनला प्रचंड स्फोट होऊन दफ्तरखाना जळाला. सातशे वर्षांचे कागद. जळके तुकडे वाऱ्यावर उडत शहराबाहेर हाउथपर्यंत पडत होते म्हणतात. खानेसुमारीची थोडी पानं वाचली, बाकी राख. १८६१ आणि ७१चे कागद सरकारने आधीच स्वतःच्या हाताने नष्ट केले होते. १८८१ आणि ९१चे पहिल्या महायुद्धात रद्दीत लगद्यासाठी गेले. पूर्ण शिल्लक असलेली पहिली खानेसुमारी थेट १९०१ची. ती आणि १९११ची फुकट ऑनलाइन आहेत, पण १८६६ला पुण्यात लग्न करणाऱ्या पोरीला त्यांचा काय उपयोग?

या राखेतली एक गोष्ट मात्र मला कुठल्याही थ्रिलरपेक्षा भारी वाटली. १९०९ साली तिथे म्हातारपणाचं पेन्शन सुरू झालं. वय वर्षं सत्तर पूर्ण, तर आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग. गरिबाला चांगलीच रक्कम. पण सत्तरीचा पुरावा आणायचा कुठून? सरकारी जन्मनोंद तर सुरू झालेली १८६४ला. मग म्हातारे अर्ज करायला लागले, की बाबांनो, १८४१ आणि १८५१च्या खानेसुमारीत माझं नाव बघा. कारकुनांनी पानं काढून उतारे करून दिले. पुढे मूळ पानं जळाली आणि हे पेन्शनचे उतारे तेवढे राहिले! ज्यांचं नाव तिथेही सापडलं नाही त्यांना म्हणे विचारायचे, ‘मोठं वादळ आठवतंय का?’ ६ जानेवारी १८३९च्या रात्री आयर्लंडला एका भयंकर वादळाने झोडपलं होतं. ते आठवतंय म्हणजे वय सत्तर. माझी पणजी प्लेगच्या साली जन्मली, यापलीकडे आमच्या घरी कुणाला तिची जन्मतारीख माहीत नाही. त्यामुळे त्या वादळवाल्या म्हाताऱ्यांची मला फारच माया वाटली.

खानेसुमारी नाही म्हणून लोक दुसरे कागद वापरतात. सगळ्यात गाजलेला म्हणजे ‘ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन’, १८४७ ते १८६४ या काळातली जमीन-घरांची कर-आकारणी. भीषण दुष्काळाच्या वर्षांत सुरू झालेली, म्हणजे कित्येक माणसं मेली किंवा बोटीत बसली तरी उरलेल्यांची नावं त्यात आहेत. पण फक्त कुळाची, म्हणजे घरच्या कर्त्याची. बाई त्यात दिसते ती बहुतेकदा विधवा झाल्यावर. बायका सापडतात कॅथलिक चर्चच्या रजिस्टरात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ साली ही साडेतीन लाखांहून जास्त पानं फुकट खुली केली. मात्र ती उघडायची तर पॅरिश माहीत हवी. नुसतं ‘कॉर्क’ म्हणजे नुसतं ‘सातारा जिल्हा’ म्हटल्यासारखं.

मग मॅकने तिकडचा नाद सोडून इकडून सुरुवात केली. मुंबई इलाख्यात चर्चमध्ये झालेल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींच्या प्रती करून लंडनला धाडत असत. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत आणि बऱ्याचशा स्कॅन होऊन पैसे भरून ऑनलाइन बघता येतात. ‘फिबिस’ नावाची हौशी लोकांची संस्था आहे, तिची नावांची सूची तर फुकट. अलेक्झांडरचं लग्न इथेच सापडलं. वय २८, रेल्वेत फिटर. बोरघाटातून गाड्या धावायला लागून तेव्हा तीन वर्षं झाली होती. मेरी १९ वर्षांची, बाप शिपाई. रकाना फक्त बापाच्या नावाचा, आईचा नाहीच.

मग मेरीचा बाप्तिस्मा: १८४७, पूना. हो, पूना! बायबलात ‘कॉर्क’ लिहिलेली मेरी कॉर्कला कधी गेलीच नव्हती. कॉर्कचा होता तिचा बाप, कंपनी सरकारच्या बॉम्बे फ्युसिलियर्स पलटणीतला गोरा शिपाई. या पलटणीत आयरिश पोरं मोप होती. १८८१ साली तिचंच नाव बदलून तिला रॉयल डब्लिन फ्युसिलियर्सची दुसरी बटालियन केलं. आणि मेरीची आई? नोंदीत एकच शब्द आहे. ‘मारिया’.

आडनाव नाही, गाव नाही, बापाचं नाव नाही. अशा नोंदी त्या रजिस्टरांत भरपूर आहेत आणि त्याचा अर्थ बहुतेकदा एकच असतो. बाई इथली होती. बाप्तिस्मा देताना नवं नाव दिलं, जुनं लिहायची गरज कुणाला वाटली नाही. मॅक मला ते पान लॅपटॉपवर दाखवत होती, म्हणाली, ‘अगं, दोनशे वर्षांपूर्वीची किरिम्युअरची विणकरीण मला तिच्या आईसकट माहितीय. आणि जी माझ्या घरापासून दोन किलोमीटरवर राहिली असेल तिचं नाव नाही.’

शिपायाच्या भरतीच्या कागदावरून पॅरिश मिळाली. कॉर्कच्या त्या रजिस्टरात त्याच नावाची दोन बाळं, एक १८१९चं, एक १८२१चं. एकाची आई ऑनोरा, दुसऱ्याची जोहाना. यातला आपला कोणता? इथे कामी आली नाव ठेवायची जुनी रीत, आयर्लंड-स्कॉटलंड दोन्हीकडची. पहिल्या मुलाला आजोबांचं, म्हणजे बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. मुलींमध्ये उलटं: पहिलीला आईच्या आईचं, दुसरीला बापाच्या आईचं. मेरीच्या पाठची बहीण होती ऑनोरा. कोर्टात टिकणार नाही, पण मॅकला पुरलं. लगेच तिच्या डोक्यात दुसरा किडा वळवळला. पहिली मुलगी मेरी, म्हणजे मारियाच्या आईचं नाव मेरी? की तिचं खरं नाव असं काही होतं, की ते पाळण्याजवळ कुणी उच्चारलंच नाही?

मला तिला धीर देताना जरा जड गेलं, कारण आपल्याकडे तरी काय आहे? लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितात, सगळे टाळ्या वाजवतात, फोटोग्राफर ‘पुन्हा एकदा’ म्हणतो. आडनाव बदलतंच, जुन्या पिढीत पाळण्यातलं नावही जायचं. छापील कुलवृत्तांत असतात काही घराण्यांचे, पण त्यात मुलगी सासरी गेली की तिची फांदी तिथेच खुंटते. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावापुढे आईचं नाव, मग बापाचं नाव आणि आडनाव असा नियम झाला. चांगलं झालं. पण शंभर वर्षांनी कुणी शोधायला बसलं तर ‘स्नेहा’ एवढ्यावर कुठली स्नेहा शोधणार?

मी त्याच रात्री आजीला फोन लावला. तिचं पाळण्यातलं नाव सुशीला होतं, हे मला अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. तिच्या आईचं माहेरचं आडनाव तिने फटकन सांगितलं. आईच्या आईचं नाव विचारलं तर थांबली. ‘आम्ही सगळी तिला बाय म्हणायचो,’ म्हणाली. ‘आजोबाही हाक मारताना “अगं ए” म्हणायचे. कशाला हवंय तुला?’

मॅकने हार मानलेली नाही. मारियाचा बाप्तिस्मा सापडो न सापडो, तिचं लग्न कुठेतरी लिहिलेलं असणार, आणि तिथे साक्षीदार म्हणून तरी तिच्याकडचं कुणी असेल, असा तिचा हिशोब आहे. १८४० पासूनची मुंबई इलाख्यातली लग्नं ती एकेक पान बघत चालली आहे, रोज जेवण झाल्यावर तासभर. परवा विचारलं तेव्हा १८४३ संपलं होतं.